मारा मागे पडलं, एलीम आलं, तरी मन का विसावत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कर्त्या माणसाच्या दोन वर्षांच्या आजारपणात बचत संपली, कर्ज झालं. आता सहा महिने पगार सुरू आहे आणि हप्ते वेळेवर जातात. मंडळीत सगळे म्हणतात, "मारा संपलं, एलीम आलं, आता साक्ष द्या." (मारा आणि एलीम हे इस्राएल लोकांच्या रानातल्या प्रवासातले दोन मुक्काम, एक कडू पाण्याचा, दुसरा झऱ्यांचा; साक्ष म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं.) पण पहाटे तीनला जाग येते, बँकेचं ॲप दिवसातून दहादा उघडलं जातं आणि प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. हा अविश्वास आहे का? आणि 'देवाच्या विसाव्यात शिरणं' म्हणजे नेमकं करायचं काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नाही, हा अविश्वास नाही. टंचाई संपली तरी टंचाईची सवय अंगातून जायला वेळ लागतो, आणि ज्या गोष्टीवरून तुम्हाला हे सुनावलं जातंय त्या गोष्टीतच हे लिहिलेलं आहे. फक्त उपदेश एका वचनावर थांबतो आणि पुढचं पान कुणी उलटत नाही.

ते पान आधी उलटू. पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात मिसरच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक तांबडा समुद्र ओलांडून तीन दिवस पाण्यावाचून चालतात. माराला पाणी मिळतं ते कडू. तिथे एक झाड पाण्यात टाकल्यावर ते गोड होतं. मग 27व्या वचनात एलीम येतं: पाण्याचे बारा झरे, खजुरीची सत्तर झाडं. सिनाय द्वीपकल्पाच्या पश्चिम अंगाला असलेल्या वादी घरंदलमध्ये हे ठिकाण असावं असं परंपरेने मानतात. पण सोळावा अध्याय सुरू होतो तेव्हा तेच लोक एलीम सोडून पुढच्या रानात पोचलेले असतात आणि उपाशी असतात. मिसर सोडून बरोबर एक महिना झालेला असतो. गणनेच्या 33व्या अध्यायात या प्रवासाचे चाळीसेक मुक्काम एकामागून एक दिले आहेत, एलीम त्यांतला एक. तो मुक्काम आहे, वचनदत्त देश नाही. तिथे पाणी प्यायचं, सावलीत बसायचं, पाय शेकायचे आणि उठायचं. एलीमला पोचल्यावर सगळी भीती गळून पडली पाहिजे, अशी अपेक्षा मंडळीत केली जाते. मजकुरात ती कुठेच नाही.

खरा पुरवठा आणि खरा विसावा सोळाव्या अध्यायात आहे, आणि तो मापून दिलेला आहे. मान्ना, म्हणजे देवाने रानात रोज दिलेलं अन्न, माणशी एक ओमर. ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग, आजच्या मापाने सुमारे 2 लिटर. सकाळी गोळा करायचा, कारण ऊन तापलं की वितळतो. उद्यासाठी ठेवला तर किडे पडतात. सहाव्या दिवशी मात्र दोन ओमर, आणि त्या रात्रीचा ठेवलेला नासत नाही. सातव्या दिवशी रानात काहीच नाही. हिशेब करून पाहा: पाच दिवस एकेक, सहाव्या दिवशी दोन, म्हणजे सहा दिवसांच्या कामात सात दिवसांचं अन्न. विसाव्याचा दिवस हा पुरवठ्यात पडलेला खड्डा नव्हता, त्याची तजवीज आदल्या दिवशीच झालेली होती.

एवढं असूनही याच अध्यायाचं 27वं वचन सांगतं की सातव्या दिवशी काही लोक गोळा करायला बाहेर पडलेच. त्यांना तिथे काही मिळालं नाही. मला हे वचन सगळ्या अध्यायात सगळ्यात माणसासारखं वाटतं. ही माणसं महिन्याभरापूर्वीपर्यंत विटा पाडत होती. पेंढा बंद करून विटांची संख्या तीच ठेवणारा फारो त्यांचा मालक होता (निर्गम 5). सुट्टी हा शब्दच ज्यांना ठाऊक नाही त्यांना 'आज बसा' म्हटलं तर त्यांचे पाय आपोआप बाहेर निघणार. तुमचं बँकेचं ॲप म्हणजे ते सातव्या दिवशीचं रान आहे. तिथे काही नवं मिळणार नसतं, तरी बोट जातं. आणि देवाने त्या लोकांना मान्ना बंद केला नाही. दटावलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. दहा आज्ञा विसाव्या अध्यायात येतात, विसाव्याचा दिवस त्याआधी चार अध्याय आलेला आहे. म्हणजे विसावा हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस नव्हतं. आधी तो दिला, मग त्याची सवय लावायला चाळीस वर्षं घेतली.

आता करायचं काय, ते.

सुरुवात शरीरापासून करा, कारण शास्त्रही तिथूनच करतं. एलीया हा संदेष्टा कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो (1 राजे 19). देवदूत त्याला काय सांगतो? आधी झोपू देतो. मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. पुन्हा झोप. पुन्हा भाकर. उपदेश नाही, 'तुझा विश्वास कुठे गेला' हेही नाही. दोन झोपा आणि दोन जेवणं झाल्यावर तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला जातो आणि देव त्याच्याशी बोलतो तो तिथे. तिथेही एक गंमत आहे: देव एकच प्रश्न दोनदा विचारतो, आणि मधे मंद वाणी ऐकूनही एलीया दोन्ही वेळा तक्रारीचे तेच शब्द बोलतो. म्हणजे देवाचा अनुभव आल्यावर भावना लगेच पालटलीच पाहिजे असं नाही. 'प्रार्थनेत काहीच जाणवत नाही' म्हणून घाबरू नका.

त्यामुळे पहाटेची जाग दोन आठवड्यांपेक्षा जास्त रोज होत असेल, भूक मेली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. दोन वर्षं रुग्णाची उस्तवार केलेल्या माणसाला याची गरज पडणं अगदी साहजिक आहे. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल तर आजच फोन करा. आणि गोळ्या सुरू झाल्या तर 'आता विश्वासाने बंद करा' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. कुठल्याही वेदीवरून सांगितलं असलं तरी.

दुसरं, तक्रार करायला शिका. हे ऐकायला उलटं वाटतं, पण विसाव्याच्या आधीची पायरी तीच आहे आणि आपल्या मंडळ्यांत नेमकी तीच गाळली जाते. 13वं स्तोत्र घ्या. फक्त सहा वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत 'कुठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. पुढची दोन मागणी आहेत: बघ, उत्तर दे. शेवटची दोन भरवशाची. रोज रात्री दहा-पंधरा मिनिटं, मोठ्याने, याच क्रमाने प्रार्थना करा: आधी तुमचे 'कुठवर' नावानिशी, मग एक ठरावीक मागणी, मग भरवसा. बहुतेक जणांचं बिघडतं ते असं की ते थेट पाचव्या वचनावर उडी मारतात, 'प्रभू चांगला आहे' म्हणतात आणि तुंबलेलं आत तसंच राहतं. तेच मग पहाटे तीनला वर येतं. एखाद्या दिवशी पाचव्या-सहाव्या वचनापर्यंत पोचलाच नाहीत तर 88वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

तिसरं, आठवड्यात चोवीस तासांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस. रविवार जमला तर रविवार. शिफ्टमध्ये काम असेल तर दुसरा दिवस, पण दर आठवड्याला तोच. यातली गोम सहाव्या दिवशी आहे. निर्गम 16:23 मध्ये स्पष्ट सांगितलंय: जे भाजायचं ते आज भाजा, जे शिजवायचं ते आज शिजवा. म्हणजे स्वयंपाक आदल्या दिवशी. घरातल्या बाईने रविवारी पहाटे उठून चाळीस चपात्या लाटायच्या, उपासनेला जायचं, मग पाहुण्यांना मटण वाढायचं आणि त्याला विसाव्याचा दिवस म्हणायचं, हे शास्त्रात बसत नाही. चौथ्या आज्ञेत दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, सगळ्यांचा विसावा मोजलेला आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत बिलं भरा, भाजी-आमटी करून ठेवा, राहिलेले फोन उरका. रविवारी ॲप उघडायचं नाही, कर्जाबद्दल घरात बोलायचं नाही. पहिले तीन-चार रविवार फार अस्वस्थ जातील, हात शिवशिवतील. सोडू नका. दुसरी अडचण मंडळीचीच: कमिटी, संडे स्कूल, गायनवृंद, तरुण संघ यांत रविवार सोमवारापेक्षा जड होतो. दोन वर्षांच्या आजारपणानंतर सहा महिने एकच जबाबदारी ठेवा, बाकीच्यांतून पाळकसाहेबांना सांगून मोकळे व्हा. पाळकसाहेब समजून घेतील. न घेतले तरी मोकळे व्हा.

चौथं, रोजचा ओमर. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'आमची रोजची भाकर' मागतो. एक साधी वही घ्या. सकाळी एका ओळीत आजची गरज लिहा, फक्त आजची. रात्री तिच्यासमोर काय आलं आणि कोणाच्या हातून आलं ते लिहा. 'कोणाच्या हातून' हा रकाना महत्त्वाचा आहे, कारण देवाचा पुरवठा बहुतेक वेळा माणसाचं तोंड घेऊन येतो. फिलिप्पै 4:19, 'माझा देव तुमची प्रत्येक गरज पुरवील', हे वचन भिंतीवर टांगलेलं असतं. त्याच्या आदल्या वचनात काय आहे? कैदेत असलेल्या प्रेषित पौलाला फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती, त्याची पोच. आणि तो एपफ्रदीत या कामात आजारी पडून मरता मरता वाचला होता (2:27). पुरवठा कुणाच्या तरी पायपिटीने येतो. या वहीत लांबच्या गोष्टी लिहू नका, 'मुलीचं लग्न', 'घराचा हप्ता 2031 पर्यंत' वगैरे. मान्ना साठवल्यावर किडे पडतात ते इथे. ॲप दिवसातून एकदाच उघडा, वेळ ठरवून, जेवणाआधी. हप्ता खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करा आणि मेसेज चालू ठेवा, म्हणजे तपासायचं कारणच उरत नाही.

यावरून कुणी 'मग बचत करणं पाप का' असा फाटा फोडेल. नाही. योसेफाने मिसरमध्ये सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरला. मान्ना हे रानातलं शिक्षण होतं, कायमचं अर्थशास्त्र नव्हे. बचत वेगळ्या खात्यात ठेवा, दरमहा ठरलेली रक्कम टाका आणि ते खातं महिन्यातून एकदाच बघा.

कर्जासाठी शास्त्रात एक अगदी हिशेबी गोष्ट आहे, 2 राजे, चौथा अध्याय. विधवेचा सावकार तिचे दोन मुलगे दास म्हणून न्यायला येतोय. अलीशा हा संदेष्टा पहिल्यांदा विचारतो, "घरात काय आहे?" एक कुपी तेल. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडी नको. दार लाव. ओत. भांडी संपली तिथे तेल थांबलं. आणि शेवटचा सल्ला: तेल वीक, कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि मुलं जगा. क्रम लक्षात घ्या. आधी घरातल्या वस्तूंचा आणि कौशल्याचा हिशेब, मग शेजाऱ्यांकडे मागणं, मग कर्ज, मग राहणीमान. आपल्याकडे पगार सुरू झाला की राहणीमान आधी येतं, कारण लोकांना दिसलं पाहिजे की देवाने आशीर्वाद दिला. सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडा. ते बहुधा क्रेडिट कार्डाचं किंवा खासगी सावकाराचं असतं, घराचं नव्हे.

शेजाऱ्यांकडून भांडी मागणं आपल्याला सगळ्यात अवघड जातं. रूथकडे बघा. तिची सासू नामी बेथलेहेमात परतते तेव्हा म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. माराचा तोच अर्थ, कडू. आणि त्या कडवटपणातच जवाच्या कापणीचा हंगाम सुरू असतो. रूथ सरवा वेचायला जाते. सरवा हा भिकेचा प्रकार नव्हता. शेताच्या कडा पूर्ण कापायच्या नाहीत आणि पडलेलं उचलायचं नाही, ते गरिबाचं आणि परक्याचं, असा कायदा होता (लेवीय 19:9-10). पहिल्याच दिवशी तिला सुमारे एक एफा जव मिळाले, म्हणजे दहा ओमर. दोघींना पाच दिवसांचं अन्न. कष्ट तिचे, कायदा देवाचा, आणि मूठमूठ मुद्दाम गाळायला सांगणारा शेतमालक बवाज. या तिघांपैकी एकाचंही नाव पुरवठ्यातून वगळता येत नाही.

म्हणून अजून गरज असेल तर मागा, आणि नेमकं मागा: कशासाठी, किती, किती महिने. 'प्रार्थना करा' एवढंच म्हटलं तर लोक प्रार्थनाच करतात. प्रेषितांची कृत्ये, सहाव्या अध्यायात ग्रीकभाषी विधवांची रोजच्या वाटणीत हयगय होते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी तक्रारदारांना गप्प केलं नाही, सात माणसं नेमली. कॅथलिक असाल तर तुमच्या पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे का ते फादरांना विचारा. 1833 मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या या संस्थेची पद्धतच घरी भेट देऊन गरज समजून घेण्याची आहे.

पगार सुरू झाला की एक वेगळा धोका येतो: 'पहिला पगार बीज म्हणून पेरा, शंभरपट येईल.' ओळखायच्या खुणा तीन: रक्कम ते ठरवतात, मुदत ते घालतात, आणि फळ आलं नाही तर दोष तुमच्या विश्वासाचा. 2 करिंथ 9:7 उलट सांगतं, ज्याने-त्याने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, नाइलाजाने नव्हे. अलीशाने कोड बरं झालेल्या नामान या सेनापतीची भेट साफ नाकारली आणि ती मागून लाटणाऱ्या गेहजी या त्याच्या चाकराला कोड लागलं, हीही गोष्ट त्याच पुस्तकात आहे, तेलाच्या कुपीनंतर एकाच अध्यायाने. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, द्यायचा तर द्या. पण घरच्यांचं औषध आणि हप्ता अडवून नव्हे.

आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील भुकेने गेले. 1896 च्या दुष्काळात त्याच बाई मध्य प्रांतात जाऊन भुकेल्या मुली आणि विधवा केडगावला घेऊन आल्या. पण मुक्ती या त्यांच्या केडगावच्या संस्थेत नुसती प्रार्थना नव्हती: विहिरी, शेती, तेलघाणी, छापखाना होता. घाणी चालवायलाही हात लागतात, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हाला विसावा देईन" हे मत्तय 11:28 आपल्याला तोंडपाठ असतं, पण लगेच पुढे येशू जू घ्यायला सांगतो. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे लवकर कळतं. बेढब जू असलं की बैलाची मान सोलवटते. 30व्या वचनात म्हटलंय, माझं जू सोयीचं आहे. तेव्हा काम, हप्ते, औषधं संपली की विसावा येईल, अशी वाट बघू नका. 23व्या स्तोत्रातही ताट वाढलं जातं ते वैरी समोर असतानाच.

राहिला साक्षीचा प्रश्न. लोक मागे लागलेत म्हणून देऊ नका. तयारी झाली की द्या, आणि माप निर्गम 16:33 मधलं ठेवा. पुढच्या पिढ्यांना दाखवायला साक्षपटासमोर (आज्ञांच्या दगडी पाट्यांसमोर) किती मान्ना ठेवला होता? चाळीस वर्षांचा नव्हे, एक ओमर, एका माणसाचा एका दिवसाचा. वहीतला एखादा दिवस निवडा, त्या दिवशी काय हवं होतं आणि ते कोणाच्या हातून आलं एवढं सांगा. त्या माणसाची हरकत नसेल तर नावही घ्या. तीन मिनिटं पुरतात. कर्ज अजून फिटलेलं नाही आणि रात्री अजून जाग येते, हेही त्यातच सांगून टाका.